नडगीवरचा बिब्बा

आप्पा, गेले आठ महिने माझी नडगी दुखते आहे. ह्या आठ महिन्यांत बऱ्याच लोकांनी माझा पाय बघितला, पण तुमच्यासारखा कुणाला बघता आला नाही. तुम्ही बांधावर बसून, तंबाखू मळत, नजर भलतीकडंच ठेवून पाय बघायचात. साठ मेंढरांतलं कोणतं मेंढरू उद्या लंगडणार ते तुम्हाला आज कळायचं, आणि माय म्हणायची, "मेंढरांची नस बरी कळती ह्या माणसाला, घरातल्यांची तेवडी कळत न्हाई." ती चेष्टेनं म्हणायची. मी मात्र ते कितीतरी वर्षं खरं धरून चालले, आणि म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आधी काय झालं ते सांगते. मला शाळेत खेळाची बाई म्हणून नोकरी लागली तेव्हाचे पेढे तुम्ही खाल्ले होते, पण मैदानावर शिट्टी फुंकताना मला तुम्ही कधी बघितलं नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी बेचाळीसची आहे, वजन वाढलं आहे, आणि सकाळी उठताना गुडघे आधी कुरकुरतात, मग मी. गणपतीच्या आधी शाळांचे सामने तोंडावर आले होते आणि माझ्या खो-खोच्या मुली खांबावर सूर मारायला कचरत होत्या. पळत यायच्या आणि खांब दोन हातांवर आला की आपोआप हळू व्हायच्या. दहा वेळा तोंडानं सांगून झालं, मग मला राग आला. माझा राग पायात उतरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ओढणी कमरेला खोचली, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणलं, "बघा गं, असं." पळत गेले, खांब धरला, अंग झोकून दिलं. आमचा लाकडी खांब पावसानं कुजला होता म्हणून त्याच्या जागी बोअरचा लोखंडी पाइप पुरलेला, आणि उजवी नडगी त्यावर अशी आपटली की आवाज ऐकून वर्गातले गुरुजी खिडकीत आले. मुली आधी हसल्या, मग धावत आल्या. मी उठले, "हे असं करायचं नाही," एवढं म्हणलं आणि शिट्टी वाजवली.

पाय सुजला, निळा झाला, मग हिरवा झाला, मग पिवळा. आष्टीला एक्स-रे काढला, त्यात हाड मोडलेलं दिसलं नाही. पंधरा दिवसांत सूज उतरली आणि सगळे म्हणाले, झालं. पण दुखणं गेलं नाही. जिना चढताना नाही, उतरताना दुखायचं. प्रार्थनेला पाच मिनिटं उभं राहिलं की नडगीच्या मधोमध, बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी ठणका सुरू व्हायचा. रात्री पांघरुणाचा काठ लागला तरी कळायचं. मग जो तो वैद्य झाला. कुणी आंबेहळदीचा लेप सांगितला, कुणी नारायणगडाला नवस बोल म्हणालं, कुणी म्हणालं कपिलधारला जा आणि धारेखाली पाय धर, गार पाणी सगळं ओढून घेतं. गेले. पाय धरला. फार छान वाटलं. परतीच्या पायऱ्या उतरताना पुन्हा दुखायला लागला.

शेवटी बीडला एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाई कसली, माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुलींच्या वयाची पोरगी. तिनं मोठी तपासणी करून घेतली आणि नीट समजावून सांगितलं. नडगीवर मांस नसतं, कातडी आणि हाड ह्यांच्यामध्ये काही आडोसाच नाही, त्यामुळं मार थेट हाडाला लागतो. चीर गेलेली नाही, पण हाड आतून ठेचलं आहे, त्याला महिने लागतात. दीड महिना पळायचं नाही, मैदानावर नुसतं उभं राहायचं. मी अधूनमधून पळत होते हे तिला सांगितलं नाही, पण तिनं ते ओळखलं आणि दीड महिन्याचे तीन महिने केले. तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा गेले. नवीन फोटो बघून ती म्हणाली, हाड चांगलं भरलं आहे. मग मला बाहेरच्या बोळकांडीत दोनदा चालायला लावलं आणि विचारलं, "ताई, आत्ता दुखतंय म्हणून लंगडताय, की सवयीनं?" मला असा राग आला म्हणता. एवढं दुखणं काढलं आणि ही मला सवय विचारते.

मग तिनं मला टेबलावर बसवून नडगीवरून खालून वर अंगठा फिरवला. रुपयाएवढा काळा डाग आहे ना तिथं, त्याच्यापाशी थांबली. "हा कसला?" मी म्हणलं, "बिब्बा उतला होता." पोरगी इकडचीच, तिला बिब्बा समजावून सांगावा लागला नाही, तिनं नुसता कपाळाला हात लावला. मग मी माझी गोष्ट सुरू केली. सत्तावीस वर्षं सांगते आहे, त्यामुळं ती आता चांगली रंगते. मी नववीत, मला खांब लागतो, बाप मेंढरं राखणारा, तो मेंढराला घालतात तसा मला बिब्बा घालतो, पाय फोडांनी भरतो आणि जिल्ह्याच्या संघातली माझी जागा जाते. शिक्षकांच्या खोलीत ह्यावर सगळे हळहळतात. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "फोड किती दिवसांत सुकले?" मी म्हणलं, "बारा-तेरा." "आणि ती निवड कधी होती?" "एकविसाव्या दिवशी," मी म्हणलं. आकडा पाठ होता, तोंडातून निघून गेला. ती "बरं" म्हणाली आणि पुढचं लिहायला लागली. तिला त्यात काहीच वाटलं नाही, ती फक्त दिवस मोजत होती. मी तिथंच गोष्ट थांबवली. कडा गावाकडं जाणारी एसटी येईपर्यंत स्टँडवर बसले आणि तेरा ते एकवीस एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तो पहिला दिवस तुम्हालाही आठवत असेल. तालुक्याचे सामने कड्याला होते. शेवटच्या सामन्यात मी खांबावर झोकून देऊन त्यांची शेवटची मुलगी बाद केली, नडगी खांबाला लागली, आणि आम्ही जिंकलो, त्यामुळं दुखतंय हे मला मैदानाबाहेर आल्यावर कळलं. खेळाचे सर म्हणत होते, "हिला बीडला न्यायचीच." बाजारातून रिकामा परतणारा ट्रॅक्टर आम्हाला गावाच्या फाट्यावर सोडतो. तुम्ही मेंढरं घेऊन समोरून येताय. मी ट्रॉलीतून उतरते, अजून चाललेसुद्धा नाही, आणि तुम्ही लांबूनच म्हणता, "उजवा."

घरी आल्यावर तुम्ही मला ओट्यावर बसवलंत. घोट्यापासून वर अंगठा दाबत आलात, डोळे मिटून, मेंढराचा पाय बघता तसा. "हाड साबूत हाय," तुम्ही म्हणालात. "मुका मार हाय. आत रगत साकळलंय." एवढं बरोबर होतं. तिथं थांबला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही बिब्बा काढलात, सुईला टोचून चिमणीवर धरलात, आणि त्याचं काळं तेल सुटायला लागलं. माय चुलीपासून उठून आली. "आवो, पोरीचं अंग हाय, मेंढराचं न्हाई. तेल लावून शेका की."

"मेंढराला चार दिवसांत उतार पडतो," तुम्ही म्हणालात. "हिला तीनात पडंल."

तिसऱ्या दिवशी नडगीवर टचटचीत फोड आले आणि पाय तांब्यासारखा लाल झाला. खाज अशी की कानापर्यंत. माय मला बिब्ब्यावर उतारा म्हणून सुकं खोबरं आणि तीळ चारत होती आणि तुमच्याकडं न बघता तुमच्याशी बोलत होती. शेजारच्या बाया बघायला आल्या. तुम्ही दारात उभे होतात. मी त्या सगळ्यांसमोर म्हणलं, "मी मेंढरू न्हाई, आप्पा." तुम्ही मेंढरांच्या कोंडवाड्याकडं निघून गेलात आणि अंधार पडेपर्यंत तिथंच काहीतरी करत बसलात. बिब्बा चुकीचाच होता, त्यात मी तुम्हाला आजही सूट देणार नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, मार लागल्यावर गार पाणी लावा, डॉक्टरला दाखवा, बिब्ब्याच्या वाटेला जाऊ नका. पण माझी जागा बिब्ब्यानं गेली का, हा प्रश्न निराळा आहे.

सरांनी निरोप धाडला होता की खेळता नाही आलं तरी पोरीनं शाळेत येऊन बसावं. शाळा शेजारच्या गावात, तीन किलोमीटरवर. तुम्ही मेंढरं मायच्या हवाली केलीत आणि रोज सकाळी माझ्याबरोबर निघालात. बरोबर म्हणजे मागं. मला पुढं घालायचात आणि स्वतः काठी घेऊन दहा पावलं मागं चालायचात. मी थांबले की थांबायचात. वाटेत बाकीच्या मुली भेटायच्या आणि तोंडात ओढणी कोंबून हसायच्या. एकदा मी वळून म्हणलं, "तुमी पुढं चला की. कावून असं मागं मागं?" तुम्ही म्हणालात, "तू चाल. तुज्या चालीनं चाल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मला ते कुठून आलं ते माहीत होतं. दुसरे मेंढपाळ लंगडं मेंढरू मागून ओढत आणायचे. तुम्ही ते नेहमी कळपाच्या पुढं घालायचात, म्हणजे सगळा कळप त्याच्या चालीनं चालायचा आणि ते एकटं पडायचं नाही. लोक तुम्हाला हसायचे, ह्याचा कळप दिवसाला एक शेत ओलांडतो म्हणून. मी तेव्हा एवढंच समजले की आप्पांनी मला लंगडं मेंढरू ठरवलं आहे.

तेराव्या दिवशी खपल्या पडल्या. चौदाव्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असताना मी घरामागं गेले. तिथल्या लिंबाला खांब धरलं आणि पळत सुटले. पाय दुखत नव्हता आप्पा. थोडा ओढल्यासारखा वाटत होता, बस. पण लिंबाचं झाड दोन हातांवर आलं आणि पाय आपोआप थांबले. पुन्हा पळाले, पुन्हा थांबले. पाच वेळा. सहाव्या वेळी मी पळालेच नाही, खाली बसले आणि रडले. मला वाटलं होतं मी कशाला म्हणून भीत नाही. बीडच्या मुलींना बूट असतात, त्यांचे वडील मोटरसायकलवर सोडायला येतात, ह्याचीही मला भीती नव्हती. मला भीती त्या झाडाची वाटत होती. हे मी कुणाला सांगणार? मैदानावर ज्या पोरीच्या झोकून देण्याचं सर कौतुक करत होते तीच मी. म्हणून मी उठले, डोळे पुसले आणि लंगडत घरात आले. त्या दिवसापासून मी पूर्वीपेक्षा जास्त लंगडायला लागले.

मी त्यात चांगली तयार झाले होते. पण सतराव्या दिवशी मेंढरं तुमच्याकडंच होती, आणि शाळेतून परतताना तुम्ही ती रस्त्याकडेच्या पडीक रानात सोडली होती. एक कोकरू, कानावर पांढरा ठिपका असलेलं, डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहिलं आणि वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. मी दप्तर टाकलं आणि पळाले. अख्ख्या सामन्यात पळाले नसेन अशी पळाले, कोकराला काखेत घेतलं आणि कडेला उडी मारली. एसटी गेली. मी कोकरू घेऊन तुमच्याकडं चालत आले, मधेच मला आठवलं, आणि मी उजवा पाय ओढायला सुरुवात केली. तुम्ही कोकरू घेतलंत. त्याचे चारही पाय चाचपलेत, माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "दप्तर उचल. धूळ लागंल पुस्तकांना." मला वाटलं, सुटले. तुम्ही सगळा वेळ कोकराकडंच बघत होतात.

दुसऱ्या दिवशी सर सायकलवर घरी आले. मी दाराआड उभी होते, हातात चहाची बशी. सरांनी विचारलं, पोर येणार का बीडला. आणि तुम्ही, ज्या माणसानं मेंढरांचा बाजार सोडला तर कधी कुणापुढं मान खाली घातली नाही, तुम्ही डोक्यावरची टोपी काढून हातात धरलीत. "न्हाई यायची सर. पाय बरा न्हाई तिचा. बिब्बा जास्ती लागला. माजी चूक झाली."

सर भडकले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांनी वर्षभर माझ्यावर मेहनत घेतली होती. "काय अडाणीपणा हा! जनावर आहे का ती? वाटोळं केलंत तुम्ही पोरीचं." गल्लीतले चारजण थांबून ऐकत होते. तुम्ही टोपीची कड बोटांत फिरवत म्हणालात, "व्हय सर. पोरीला काय बोलू नका." मी लंगडत बाहेर आले, सरांपुढं चहा ठेवला आणि लंगडत आत गेले. संध्याकाळी मायनं आवडीचं पिठलं केलं होतं, ते मी पोट भरून खाल्लं, हे मला जास्त आठवतं.

नंतर पोळ्याच्या आसपास तुम्ही जुन्या घोंगडीचा एक तुकडा कापलात, दोन घड्या घालून आत लोकर भरलीत, दाभणानं शिवलंत आणि वर-खाली बंद लावलेत. माझ्या मांडीवर टाकलंत. "नडगीला बांद. फुडच्या वर्षी." ते एवढं टोचायचं की नडगीपेक्षा त्याचाच त्रास व्हायचा, आणि मुली मला बघून मेंढरासारखं ओरडायच्या. पण ते बांधून मी दहावीत खांबावर गेले. पहिल्यांदा हळू, मग जरा जोरात, आणि एक दिवस पाय थांबले नाहीत. बीडच्या संघात नाही गेले, पण तालुक्याला खेळले, पुढं त्याचंच शिक्षण घेतलं आणि आज त्यावरच पोट भरते. ती घोंगडीची पट्टी कुठं गेली मला माहीत नाही. घर बदलताना हरवली असेल. तेव्हा मला तिची किंमत नव्हती.

हे सगळं असूनही मी माझी गोष्ट सांगतच राहिले. सांगता सांगता ती मला स्वतःलाच खरी वाटायला लागली. नोकरीच्या पेढ्यांच्या दिवशी घरात पाहुणे होते, त्यांनाही मी ती सांगितली, तुमच्यासमोर. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "व्हय, ते चुकलंच माजं." पेढा तुमच्या हातात तसाच होता.

बीडहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी माय अंगणात तूर निवडत बसली होती. आता ती माझ्याकडंच असते, तिला लांबचं दिसत नाही म्हणते, पण जे बघायचं ते बरोबर दिसतं. मी दोरीवरचे कपडे काढून आत चालले होते. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "तवाबी अशीच चालत हुतीस."

"कवा?"

"बिब्ब्याच्या टायमाला. खपल्या पडल्यावर."

मी कपडे घेऊन तिथंच उभी राहिले. ती म्हणाली, "तुज्या बापाला म्हाईत हुतं की. कोकरू धरलंस त्या दिशी घरी येऊन मला म्हनले, पाय बरा झालाय हिचा. मी म्हनलं, मग सांगा सरास्नी, न्या म्हनावं बीडला. तर म्हनले, पाय बरा झालाय, पोर अजून बरी व्हायची हाय. तवर असू दे माज्यावर."

मी विचारलं, "मग मला कावून न्हाई सांगितलं कुनी?" मायनं तुरीतला एक खडा काढून लांब फेकला. "तू कवा इचारलंस? तू तर लई रंगात सांगायचीस. त्यांनीच मला गप बस म्हनलं हुतं. म्हनले, सांगू दे तिला, त्येवडंच बळ येतंय." मग ती पुन्हा तूर निवडायला लागली आणि मी कपड्यांच्या घड्या घालत आत बसले. एकच कुर्ता मी तीनदा घडी केला. मला रडू आलं, आणि खरं सांगते आप्पा, त्या रडण्यात बरंही वाटत होतं. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की माझी भीती कुणाला दिसली नाही, आणि ते एकटेपण फार जड होतं. ती तुम्हाला दिसली होती. तुम्ही तिला नावं ठेवली नाहीत, तिच्या चालीनं मागून चालत राहिलात.

तर आता पायाचं सांगते, तुम्हाला तेच आधी हवं असणार. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून म्हणलं, "तुम्ही विचारलं होतं ना, सवयीनं लंगडता का. अर्धं सवयीनं आहे." ती हसली नाही. म्हणाली, असं पुष्कळांचं होतं, हाड भरून येतं पण माणूस त्या पायावर विश्वास टाकत नाही, आणि पाय वापरला नाही की तो आणखी दुखतो. तिनं मला क्रम लावून दिला आहे. दहा मिनिटं चालायचं, एक मिनिट हळू पळायचं, पुन्हा चालायचं. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवलं तर पुढं जायचं, नाही निवलं तर एक पायरी मागं यायचं. मला हा हिशेब आवडला. आता सकाळची शाळा आहे, उन्हाच्या आत मैदानावर जाते. पहिल्या दिवशी मुली माझ्या पुढं पळून गेल्या आणि मग लाजून परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणलं, "मी पुढं, तुम्ही मागं. माझ्या चालीनं यायचं, कुणी ओलांडायचं नाही." अठरा मुली माझ्या मागून गोगलगाईच्या चालीनं पळत होत्या आणि कुरकुरत होत्या. मला मात्र पाठीमागं एवढे पाय वाजताना ऐकून फार बरं वाटलं. दुखणं अजून आहे, पण ते रोज थोडं उशिरा येतं आणि थोडं लवकर जातं. बोअरचा पाइप मी उपटून टाकायला लावला. लाकडी खांब पुरला आहे, आणि सगळ्या मुलींना नडगीला पट्ट्या बांधायला लावते. ह्या पट्ट्या टोचत नाहीत, तरी त्या तक्रार करतातच.

शिक्षकांच्या खोलीत परवा कुणीतरी नव्या बाईंना सांगायला लागलं की ह्यांच्या वडिलांनी बिब्बा घातला नसता तर ह्या कुठल्या कुठं गेल्या असत्या. मी म्हणलं, "बिब्बा तेराव्या दिवशी सुकला होता. मी भ्याले होते." मग गणिताच्या सरांनी विचारलं, "चहा घेणार का?" आणि विषय संपला. एवढंच होतं ते. सत्तावीस वर्षं मी उगाच त्याला भीत होते.

आज सकाळी मी खांबावर गेले. मुलींना आधी सांगितलं नव्हतं. सराव संपत आला होता, शेजारच्या रानातून लिंबाच्या मोहराचा वास येत होता. मी शिट्टी एकीच्या हातात दिली आणि पळाले. खांब दोन हातांवर आला, मी वाट बघत होते की पाय थांबतील, आणि ते थांबले नाहीत. झोकून दिलं नाही, तेवढी वेडी मी आता राहिले नाही. पण खांब धरला, एक गिरकी घेतली, नडगी मोकळी सुटली आणि मी दोन्ही पायांवर खाली आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. उद्या पुन्हा जाणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं मला कळत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, घरी आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, तेव्हा एरवीही हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं आणि माझी तेवढी हिंमत झाली नसती. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात ठेवते, तिथं हाडाच्या फोटोशेजारी ते बरोबर बसेल.

एक राहिलं. खांबापासून परत येताना मुली "बाई, अजून एकदा, अजून एकदा" म्हणत होत्या, आणि मी चार पावलं लंगडले. दुखत नव्हतं, आप्पा.